घड्याळाच्या जागी टोपण

४ फेब्रुवारी

ठमे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता बाजूला ठेवशील अशी भीती होती, म्हणून पत्ता नातीकडून लिहून घेतलाय. आता फोडलंसच आहेस तर वाच. मी ताई. अजून आहे. दात थोडे कमी झालेत, बाकी सगळं जागच्या जागी.

तू कशी आहेस, मेव्हणे कसे आहेत, हे आधी विचारायचं असतं. ते मी शेवटी विचारीन, कारण आधी विचारलं की पुढे माझा हात चालत नाही. तसंही चौथी सोडल्यानंतर मी जे काही लिहिलं ते बहुतेक गिऱ्हाइकांच्या सीटांची मापं.

तेव्हा कामाचं बोलते. तुला तो निळ्या पुठ्ठ्याचा डबा आठवतो का, ज्यात गाडीचं घड्याळ होतं? तो अजून तुमच्याकडे असला तर मला हवाय. नसला तर राहू दे. यात माझा दुसरा काही हेतू नाही.

झालंय असं की आमची गाडी परत उठून बसतेय. हे गेल्यापासून ती यांच्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून झोपली होती. (हे गेले. तुला कुणाकडून तरी कळलं असेल. दोन वर्षं झाली. झोपेतच गेले, कुणाला हाक मारायची सुद्धा तसदी दिली नाही. मी कळवलं नाही, कारण कागद घेतला की त्यावर सामानाची यादीच उतरायची.) तर माझी नात, थोरल्याची मुलगी, गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलीय. परवा आली, ताडपत्री ओढून काढली, उंदरांना नोटीस दिली आणि म्हणाली, "आजी, ही चालेल."

मी म्हटलं, "चालेल खरी, पण चालवणार कोण?"

"मी चालवणार. तू शेजारी बसायचं आणि घाबरायचं."

मग ती आत बसून समोरच्या पट्टीवरून हात फिरवायला लागली आणि त्या गोल काळ्या टोपणावर येऊन थांबली. "इथे तर घड्याळ यायला हवं." मी म्हटलं, "बाई गं, त्या टोपणानं दोन घरं तोडलीत, त्याला हात नको लावू." झालं. मग ती मला सोडेना. सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि सांगता सांगता मला इतकं हसू येत होतं की शेजारीण डोकावून गेली.

तुला आठवतं ना? दोन साडूंनी एकमेकांना न सांगता एकाच वर्षी एकच गाडी घ्यावी. कारखाना तोच, रंग तोच, पिकल्या लिंबाचा. फक्त तुम्ही सीमेच्या त्या बाजूला राहता आणि आम्ही या बाजूला. तुमच्या गाडीच्या मागे कुठल्याशा वाऱ्याचं नाव होतं, चांदीच्या अक्षरात. आमच्या गाडीच्या मागे नुसते आकडे, जणू कपाटाचा नंबर. पहिल्यांदा तुम्ही आलात आणि दोन्ही गाड्या आमच्या गल्लीत नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या तेव्हा सगळी पोरं ओरडली होती, जुळ्या आल्या म्हणून. मग त्यांनी दारं उघडली आणि तुझा धाकटा म्हणाला, "मावशी, तुमची गाडी अजून पूर्ण नाही झाली का?"

लेकरू काही खोटं बोललं नव्हतं. तुमच्या सीटांना मऊ कापड, आमच्या सीटांना रेक्झिन, उन्हात बसलं की मांडीचं कातडं तिथेच राहायचं. तुमच्या मागच्या सीटच्या मधून ती हात टेकायची गादी खाली यायची, आमच्याकडे तिथे नुसती शिवण. तुमच्या दारावर धरायला मुठी, पुढच्या सीटच्या पाठीला खिसे, मागच्या काचेला वायपर. आमच्या मागच्या काचेला वायपर नव्हता म्हणून यांनी मला एक फडकं दिलं होतं. पाऊस आला की गाडी थांबवायची आणि मी उतरून पुसायची. त्या गाडीचा मागचा वायपर मीच होते.

नातीला विचारलं, एकाच कारखान्याला असं का सुचावं? ती म्हणाली, कंपन्या देश बघून ठरवतात, कुणाला काय द्यायचं ते. म्हटलं, म्हणजे तिकडच्यांचे हात दुखतात, त्यांना टेकायला गादी हवी, आणि इकडच्यांचे दुखत नाहीत, असं ठरवलं कुणी? ती म्हणाली, टाय लावलेल्या माणसांनी.

बरं, डबा शोध. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांग. सांगायचा नसेल तर नको सांगू.

तुझी ताई

(हे विचारायचं राहिलंच. तू कशी आहेस?)


२६ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर नाही. टपालाचा घोळ असेल. सीमेवरचं फाटक उघडून वर्ष झालं म्हणतात, माणसं गाडीसकट ये-जा करतात, पण पत्रं बहुतेक अजून चालत येतात.

गाडीनं काल पहिल्यांदा आवाज केला. खोकली, धूर सोडला आणि गप्प झाली. थेट हे सकाळी उठायचे तशी. नात म्हणाली, "आजी, तू रडतेस की काय?" म्हटलं, धूर गेला डोळ्यात.

मागचं दार उघडलं आणि सगळं जिथल्या तिथे. तुम्ही त्या पहिल्या खेपेला परत गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी दुकान अर्धं बंद ठेवलं होतं. गिऱ्हाइकांच्या सीटा भिंतीला टेकवल्या आणि आमच्या गाडीच्या सीटा काढल्या. तुमच्या गाडीत मुलांना खेळवायच्या नावाखाली यांनी टेपनं सगळं मोजून घेतलं होतं, ते मला नंतर कळलं. कापड आणलं, तुमच्यापेक्षा जाड. खिसे शिवले. दारांना रेक्झिनच्या मुठी केल्या. मागची सीट मधून कापून हात टेकायची गादी बसवली आणि ती तुमच्यापेक्षा दोन बोटं रुंद केली. मी म्हटलं, "एवढी रुंद कशाला? बसायला जागा कुठे उरली?" तर म्हणाले, "हात तर नीट राहील."

पुढच्या खेपेला मेव्हण्यांनी दार उघडून पाहिलं आणि शीळ घातली. चष्म्याच्या दुकानातला माणूस, बारीक नजर. खिशावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, ही गाडीच्या कारखान्यात नेऊन दाखवायला पाहिजे." हे इतके खूश झाले की दोन दिवस घरात शीळ घालत होते. दोघं बॉनेटला टेकून चहा पीत किती वेळ उभे होते. आपण दोघी जिन्यावर बसून त्यांच्याकडे बघत होतो आणि तू म्हणालीस, "ताई, आपल्यापेक्षा यांचंच जमलंय."

मग ते घड्याळाचं सुरू झालं. तुमच्याकडची वेळ आमच्यापेक्षा अर्धा तास मागे. मेव्हणे ते कधी मानायचेच नाहीत. दर खेपेला जेवण निवून जायचं, मी ताटांवर झाकणं ठेवून बसायची, आणि मेव्हणे गाडीतून उतरून आतल्या घड्याळाकडे बोट दाखवायचे, "बघा, अगदी ठरल्या वेळेला." हे म्हणायचे, "घड्याळ आहे, पण ते कुठल्या गावचं आहे ते बघा." मेव्हणे म्हणायचे, "निदान आहे तरी. तुमच्याकडे वेळेवर झाकण ठेवलंय." सगळे हसायचे. हे पण हसायचे. तोवर हसायचे.

शेवटच्या खेपेची गोष्ट मी नातीला सांगितली, तुला काय सांगायची, तू होतीसच. मेव्हण्यांनी तो निळा डबा आणून आमच्या बॉनेटवर ठेवला. सगळी गल्ली जमलेली. म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या गाडीचं तेवढंच एक राहिलंय, आमच्याकडून घ्या." ती भेट होती की टोमणा, मी इतकी वर्षं विचार केला, मला ठरवता आलेलं नाही. यांनी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या गाडीला जे लागतं ते मी शिवतो."

मेव्हणे म्हणाले, "मग वेळ शिवून दाखवा."

गल्ली हसली. तू तर इतकी हसलीस की तुझ्या कपातला चहा बशीत आला. यांनी डबा उचलला, तुमच्या गाडीच्या मागच्या खिशात नेऊन ठेवला आणि आत जाऊन मशीनवर बसले. तुम्हाला निरोप द्यायला बाहेर आले नाहीत, नुसता मशीनचा आवाज. तुमची गाडी कोपऱ्यावर वळली तरी मशीन चालूच. मी आत जाऊन पाहिलं तर सुईत दोरा नव्हता.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तू लिहिलंस, भावजींनी आधी कळवावं. मी लिहिलं, मेव्हण्यांनी आधी कळवावं. मग दोन्ही सरकारांचं बिनसलं, फाटक बंद झालं, आणि आपल्याला न लिहायला एक चांगलं कारण मिळालं.

आणि एक गंमत आठवली, ती पण लिहिते, हात चालतोय तोवर. तुम्ही गेल्यानंतर महिनाभरानं असेल. मी शेडमध्ये गेले तर गाडीचं पुढचं दार उघडं, यांचे पाय बाहेर, डोकं स्टेअरिंगच्या खाली. म्हटलं, "काय करताय?" आतून आवाज आला, "पेन्सिल पडली." पेन्सिल यांच्या कानावर होती. मी म्हटलं, बरं, शोधा, आणि निघून आले.

उत्तर दे. नाही तर डबा नाही एवढंच लिही. तेवढं पण पुरेल मला.

तुझी ताई


१९ मार्च

ठमे,

तुझं पत्र आलं. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून, मग नातीला मोठ्यानं वाचायला लावलं. चार ओळींत काय मोठ्यानं वाचणार, पण तिनं वाचलं.

मेव्हण्यांचं वाचून सुन्न झाले गं. तीन वर्षं झाली आणि तू एकटी त्यांना उठवतेस, बसवतेस. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तो माणूस, ज्याला दोन मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे तोंडात घास द्यावा लागायचा. सगळं कळतं पण त्यांना, असं तू लिहिलंयस. माझं पत्र वाचून दाखवलंस तर डावा हात वर करून कपाटाकडे दाखवलं आणि डबा तिथे, चष्म्यांच्या काचांमागे निघाला. गाडी विकली तेव्हा सुद्धा डबा विकला नव्हता त्यांनी. ठमे, टोमण्याची वस्तू कुणी इतकी जपून ठेवत नाही. हे मला आज कळलं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते इथे नाहीत.

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते. "डबा पाठवते, पण येऊ नकोस, इथे बघण्यासारखं काही राहिलं नाही."

मी येते असं कुठे लिहिलं होतं? दोन्ही पत्रांत दाखव. पण तू ओळखलंस. लहानपणी पण मी माळ्यावर काही लपवलं की तू आधी शिडीकडेच बघायचीस.

तुला वाटत असेल, ताई येईल आणि दया दाखवील. मला दया करायला येत नाही, मला वेळच कुठे आहे. माझा गुडघा एकीकडे आणि मी एकीकडे अशी माझी चाल आहे. तुला वाटत असेल, मेव्हण्यांना तसं पाहिलेलं आवडणार नाही. ते त्यांना विचार. हात वर करतात ना, मग उत्तर देतील.

मी जास्त आग्रह करत नाही. (हे पत्र नातीनं वाचलं आणि म्हणाली, "आजी, हा आग्रहच आहे." तिला म्हटलं, तू वायरी बघ.)

तुझी ताई


७ एप्रिल

ठमे,

पार्सल आलं. त्यात तू चिठ्ठी घातली नाहीस, ते मी पाहिलं. डबा तसाच निळा, कोपरे जरा बसलेत. घड्याळ नवं कोरं, पांढरी तबकडी, बारीक लाल काटा. किती छोटं आहे गं. एवढ्याशा वस्तूसाठी.

मी नातीला म्हटलं, पण हे चालणार कसं, आमच्या गाडीत त्याची वायर कुठे असणार? ज्यांनी घड्याळ दिलं नाही ते वायर कशाला देतील? ती हसली. म्हणाली, "आजी, कारखान्यात वायरींचा गठ्ठा सगळ्या गाड्यांना एकच घालतात, वेगळा करायचा म्हणजे जास्त खटाटोप. पुढे ज्याला घड्याळ द्यायचं त्याला घड्याळ, बाकीच्यांना टोपण. वायर आत असेल, पण इतक्या वर्षांत पट्टीच्या मागे खोल पडली असेल. सगळं खोलावं लागेल."

मी बाहेर स्टुलावर बसले. तिनं चपट्या हत्यारानं ते टोपण उचकटलं. मला वाटलं होतं घट्ट बसलेलं असेल, पण ते पटकन निघालं, जणू कुणी आधीच सैल केलं होतं.

मग ती भोकात वाकून बघायला लागली. म्हणाली, "आजी, इकडे ये."

भोकाच्या अगदी तोंडाशी दोरा होता. तपकिरी, मेण लावलेला, सीटांना हे वापरायचे तोच. एक टोक टोपणाच्या मागच्या खाचेत अडकवलेलं, दुसरं आत गेलेलं. नातीनं तो हलकेच ओढला आणि त्याच्यामागून वायर आली. दोन तारा आणि शेवटी पांढरा प्लग. पट्टीमागे पडू नये म्हणून दोऱ्यानं बांधून ठेवलेली.

गाठ यांची होती. मी ती अंधारात हात लावून ओळखीन. दोन वेढे आणि एक खालून. फक्त एक फरक. आयुष्यभर यांनी गाठीचं टोक आत दडवलं, कारागिराला शिकवताना पण ओरडायचे, "गाठ दिसली की काम गेलं." आणि इथे टोक चांगलं बोटभर लांब सोडलेलं. सापडावं म्हणून. पुढच्या खेपेला कुणी घड्याळ बसवायला आलं तर त्याच्या बोटाला पहिलं तेच लागावं म्हणून.

ते पेन्सिल शोधत नव्हते, ठमे.

पुढची खेप आलीच नाही. आणि हा माणूस रोज त्या टोपणासमोर बसून गाडी चालवत होता, दोरा बांधून, तोंडातून एक शब्द न काढता. मी शेजारी बसून बडबडत असायची. एकदा तरी म्हणायचं ना. मी लिहिलं असतं तुला. पण बोलले असते तर ते हे कसले.

नातीनं प्लग लावला. लाल काटा जरा थरथरला आणि चालायला लागला. त्या पोरीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो, घड्याळ कधी पाहिलंच नव्हतं अशा.

हे सगळं मेव्हण्यांना वाचून दाखव. जसं लिहिलंय तसं, मधलं काही गाळू नकोस. मग त्यांना विचार, ताईनं यावं का. आणि ते डाव्या हातानं जे सांगतील ते मला कळव. नको म्हणाले तर मी हे घड्याळ बघत इथेच सुखात राहीन, खरंच. तुझ्यावर डूख धरणार नाही.

तुझी ताई


२३ एप्रिल

ठमे,

एका शब्दासाठी एवढं मोठं पाकीट वापरलंस. उधळपट्टीची सवय काही गेली नाही तुझी.

"या" लिहिलंयस, "ये" नाही, म्हणजे तुझ्या एकटीचं नाही, मेव्हण्यांचं पण आहे असं मी धरलं. आणि ते अक्षर इतकं वाकडं आहे की ते तुझं नाहीच. डाव्या हातानं लिहिलंय ना त्यांनी? तो कागद मी गाडीच्या पुढच्या सीटच्या पाठीला शिवलेल्या खिशात ठेवलाय.

रविवारी सकाळी निघतो, मी आणि नात. ती चालवणार, मी घाबरणार, असं ठरलंय. मागच्या सीटवर ती रुंद गादी खाली करून ठेवलीय. मेव्हण्यांना उचलून आणायला कुणी शेजारी असेल तर बघून ठेव. आल्या आल्या आम्ही त्यांना गाडीत बसवणार आहोत, डावा हात त्या गादीवर टेकवून, तुमच्या गल्लीतून एक फेरी. हात नीट राहील, यांनी मापच तसं घेतलंय. पाऊस आला तर मागच्या काचेची काळजी नको, फडकं घेतलंय.

नात विचारत होती, घड्याळ आपल्या वेळेवर लावू का? मी म्हटलं, नाही, त्यांच्या वेळेवर लाव. ती म्हणाली, मग फाटक ओलांडलं की अर्धा तास जास्तीचा मिळेल आजी. म्हटलं, बरं झालं, मला तेवढा हवाच होता.

मेव्हण्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, साडूनं वेळ शिवून ठेवली होती, फक्त सांगितलं नव्हतं.

जेवायला थांबा, पण ताटं वाढून ठेवू नका. उशीर झालाच तर मी गाडीतून उतरून आतल्या घड्याळाकडे बोट दाखवीन.

तुझी ताई